जठरातील आम्ल आणि डॉक्टरांची चिठ्ठी

बंगळूरचा जुना भाग हा पेठांचा भाग आहे. सोळाव्या शतकात केंपेगौडा याने हे गाव वसविले, तेव्हा चार दिशांना बैलांचे नांगर चालवून रस्त्यांच्या रेषा आखल्या, अशी कथा सांगतात. पूर्व-पश्चिम जाणारी चिकपेट हा त्यांपैकी एक मुख्य रस्ता. कानडीत ‘चिक’ म्हणजे लहान, आणि ‘पेट’ म्हणजे आपली पेठच. शहाजीराजांना १६३८ च्या सुमारास बंगळूरची जहागीर मिळाली, तेव्हापासून मराठी भाषाही या पेठांना परकी राहिलेली नाही.

आज चिकपेटेत रेशमी वस्त्रांचा व्यापार चालतो. पेठेतील दुकानदाराचे घड्याळ म्हणजे गिऱ्हाईक. दुपारचे जेवण लांबते, मध्यंतरी चहा-कॉफी होते आणि रात्री उशिरा भरपेट जेवून माणूस लगेच अंथरुणावर पडतो. अशा दिनक्रमात छातीतील जळजळ व आंबट ढेकर ओळखीचे होतात, आणि त्यांवरील गोळीही ओळखीची होते. एकास लिहून दिलेली गोळी त्याचा शेजारी घेतो. पंधरा दिवसांसाठी दिलेली गोळी पाच वर्षे चालू राहते. ही सवय चिकपेटेतच आहे असे नव्हे. कोणत्याही शहराच्या पेठेत ती आढळेल. म्हणून या गोळीचे कार्य समजून घेणे अगत्याचे आहे.

आम्ल कशासाठी?

जठरातील आम्ल हे हायड्रोक्लोरिक आम्ल होय, हे विल्यम प्राउट या इंग्रज वैद्याने १८२४ साली दाखवून दिले. जठरात दररोज सुमारे दीड ते दोन लिटर पाचकरस स्रवतो. त्यातील आम्लामुळे प्रथिनांचे पचन सुरू होते, आणि अन्नाबरोबर आलेले पुष्कळसे जंतू मरतात. जठराच्या आतील बाजूस श्लेष्म्याचा थर असल्यामुळे आम्लाने जठरास इजा होत नाही. अन्ननलिकेस मात्र असे संरक्षण नाही. आम्ल वर चढले की जळजळ होते. तेव्हा आम्ल हा शत्रू नव्हे. ते भलत्या जागी गेले, किंवा संरक्षक थर दुबळा झाला, म्हणजे दुखणे उद्भवते.

चिकपेटेपासून जवळच असलेले व्हिक्टोरिया रुग्णालय १९०० साली सुरू झाले, तेव्हा डॉक्टरांजवळ आम्लाचा जोर तात्पुरता मोडणारी सोड्यासारखी चूर्णेच होती. पुढे जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून आम्लाची निर्मितीच कमी करणारे सिमेटिडीन हे औषध निघाले. १९८८ चे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्यांत ते एक होते. त्याच वर्षी ओमेप्रॅझोल प्रथम विक्रीस आले. आज सर्रास लिहून दिली जाणारी पँटोप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल ही त्याचीच भावंडे होत.

वेळ का पाळावी?

जठराच्या भिंतीतील काही पेशींत आम्ल बाहेर टाकणारे सूक्ष्म पंप असतात. अन्न येताच ते जोमाने चालू लागतात. ओमेप्रॅझोल वर्गातील औषध चालू पंपालाच जखडते. विसावलेल्या पंपावर त्याचा उपाय चालत नाही. शिवाय हे औषध रक्तात थोडेच तास टिकते. म्हणून बहुधा सकाळच्या न्याहारीपूर्वी अर्धा ते एक तास गोळी घ्यावयास सांगतात. न्याहारी पोटात पडेल त्या सुमारास औषध रक्तात पोचलेले असते. जेवण झाल्यावर, जळजळ सुरू होताच घेतलेली गोळी पुष्कळशी वाया जाते. पूर्ण गुण येण्यास काही दिवस लागतात. पहिल्याच दिवशी आराम पडला नाही म्हणून दोन गोळ्या घेणे योग्य नव्हे.

या गोळीवर आम्लात न विरघळणारे आवरण असते. ती फोडल्यास किंवा चावल्यास औषध जठरातच नष्ट होते. म्हणून ती पाण्याबरोबर अखंड गिळावी.

किती दिवस घ्यावी?

जठरव्रण केवळ चिंतेने व तिखटाने होतो, अशी समजूत दीर्घकाळ होती. ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन यांनी १९८० नंतरच्या दशकात दाखविले की, पुष्कळशा व्रणांच्या मुळाशी हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू असतो. मार्शल यांनी १९८४ साली या जंतूंचे मिश्रण स्वतः प्राशन केले व जठरदाह ओढवून घेतला. उभयतांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अशा रुग्णास आम्ल कमी करणाऱ्या गोळीबरोबर प्रतिजैविकेही, बहुधा चौदा दिवस, द्यावी लागतात. दुखणे थांबले म्हणून ती मध्येच सोडल्यास जंतू उरतात व पुढे औषधास दाद देईनासे होतात.

याउलट, गरज नसता वर्षानुवर्षे गोळी घेतल्यास ब-१२ जीवनसत्त्व व मॅग्नेशियम यांची उणीव होऊ शकते. हाडे मोडण्याचा व आतड्यांच्या संसर्गाचा धोका किंचित वाढल्याचेही आढळले आहे. काही रुग्णांना मात्र ती दीर्घकाळ घ्यावीच लागते. एकदम बंद केल्यास आम्ल काही काळ पूर्वीपेक्षा जोराने स्रवते. म्हणून गोळी सुरू करणे व थांबविणे, दोन्ही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावे.

इतर औषधे व धोक्याच्या खुणा

हृदयविकारासाठी क्लोपिडोग्रेल घेणाऱ्याने ओमेप्रॅझोल घेतल्यास पहिल्याचा गुण कमी होऊ शकतो. अॅल्युमिनियम वा मॅग्नेशियम असलेली आम्लनाशक औषधे काही प्रतिजैविकांना व लोहाच्या गोळ्यांना शरीरात शोषू देत नाहीत. त्यांच्यात काही तासांचे अंतर हवे. काही वेदनाशामक गोळ्या तर स्वतःच व्रण निर्माण करू शकतात. तेव्हा घरात चालू असलेल्या सर्व औषधांची यादी डॉक्टरांस दाखवावी.

सर्वांत मोठा धोका मात्र औषधाचा नसून चुकीच्या निदानाचा आहे. छातीत दाब येणे, घाम सुटणे, दुखणे हाताकडे वा जबड्याकडे सरकणे, ही हृदयविकाराची लक्षणे असू शकतात. ‘गॅस झाला असेल’ म्हणून गोळी घेऊन दुकानात बसून राहणारा मनुष्य बहुमोल वेळ गमावतो. त्याने तत्काळ रुग्णालय गाठावे. काळे शौच, रक्ताची उलटी, गिळताना अडथळा, किंवा कारणाशिवाय वजन घटणे, यांपैकी काहीही दिसल्यास गोळीवर विसंबून राहू नये.

पाकिटावरील ‘आरएक्स’ ही खूण, औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नये, असे सांगते. चिठ्ठीत औषधाचे नाव असते, तसेच मात्रा, वेळ आणि मुदतही असते. आणि ती एकाच रोग्यासाठी लिहिलेली असते. गोळीचे नाव लक्षात ठेवून उरलेले विसरणाऱ्याने चिठ्ठीचा चौथा हिस्साच वाचला, असे म्हणावे लागेल.