काळं की कोरं

टी-शर्टावर छापलेला एखादा चेहरा भिंगाखाली धरून पाहा. गालावर जी करडी सावली दिसत होती ती नाहीशी होते. उरतात फक्त काळे ठिपके आणि मधलं पांढरं कापड. काळ्या शाईने जाळीच्या स्क्रीनवरून करडा छापताच येत नाही. जाळीचं भोक उघडं असतं किंवा बुजलेलं. सावलीचा भास लहानमोठ्या ठिपक्यांनीच घडवावा लागतो.

ही विद्या जुनी आहे. जर्मनीत गेओर्ग मायझेनबाख यांनी १८८२ साली हाफटोनचं, म्हणजे ठिपक्यांनी छटा दाखवण्याच्या या तंत्राचं, पेटंट घेतलं. कोलकात्यात उपेंद्रकिशोर रायचौधुरींनी या तंत्रावर इतकं बारीक काम केलं, की इंग्लंडचं 'पेनरोज' वार्षिक त्यांचे लेख छापत असे. तेव्हा ठिपके पाडायचे ते काचेची जाळी आणि कॅमेरा. आता ते काम 'रिप' करतं. रिप म्हणजे रास्टर इमेज प्रोसेसर: चित्राच्या प्रत्येक कणाबद्दल काळं की कोरं एवढाच निवाडा देणारं सॉफ्टवेअर.

स्क्रीनवाल्याला त्याची गरज पडते ती फिल्म, म्हणजे चित्राची पारदर्शक प्रत, काढताना. इंकजेट प्रिंटर आपल्या मनाने सूक्ष्म थेंब विखरून करडा दाखवतो. फोटोला ते छान. पण इतके बारीक थेंब स्क्रीनच्या इमल्शनवर, म्हणजे प्रकाशाने कडक होणाऱ्या लेपावर, टिकत नाहीत. रिप प्रिंटरचा ताबा घेतं, ठसठशीत ठिपके पाडतं आणि काळी शाई भरपूर सोडतं. डोळ्याला काळी दिसणारी फिल्म अतिनील प्रकाश झिरपू देत असेल, तर चित्राखालचं इमल्शनही कडक होतं. मग पाण्याचा कितीही फवारा मारा, स्क्रीन उघडत नाही.

छोट्या दुकानात लेझर प्रिंटर आणि ट्रेसिंग पेपरवरही काम भागतं, पण तिथे हिशेब आडवा येतो. ६०० डीपीआयच्या प्रिंटरवर इंचाला ६० ओळींचा हाफटोन मागितला, तर एका ठिपक्याला १० गुणिले १० कणांचं घर मिळतं, म्हणजे कोऱ्यासकट १०१ छटा. ओळी वाढवल्या की छटा घटतात. शिवाय जाळी ओळींच्या चार-पाच पट दाट हवी: ४५ ओळींना इंचाला सुमारे २२५ धागे, म्हणजे सेंटिमीटरला ९० च्या आसपास. जाळीचे धागे आणि ठिपक्यांच्या रांगा एकमेकांवर आल्या, की गालावर लाटांसारखी नको ती नक्षी उमटते. म्हणून एकरंगी कामात बरेच जण कोन २२.५ अंशांचा ठेवतात.

माझ्या मते रिपचा खरा कस लागतो तो ठिपका पसरतो तिथे. स्क्वीजीची रबरी पट्टी ओढली की शाई दबते, कापड ती पितं आणि ५० टक्क्यांचा ठिपका ६५ टक्क्यांसारखा भरतो. हे ओळखून रिप फिल्मवरचा ठिपका आधीच बारीक करू शकतं. पण किती बारीक, ते त्याला आपण सांगायचं असतं. कापड आपलं, शाई आपली, हात आपल्या कारागिराचा. दुसऱ्याच्या दुकानातला आकडा इथे लागू पडत नाही.

त्यासाठी महागडं पॅकेजच हवं असंही नाही. १९८८ साली एल. पीटर डॉइच यांनी सुरू केलेलं घोस्टस्क्रिप्ट फुकट मिळतं आणि पोस्टस्क्रिप्ट फाइलचे ठिपके पाडून देतं. एक फिल्म मात्र हौसेने खर्ची घालावी: ५ टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंतच्या चौकोनांची पट्टी. ती रोजच्याच कापडावर छापायची, सुकवायची आणि भिंग घेऊन बसायचं. पाचच्या चौकोनात ठिपके उरलेत का? पंचाण्णवच्या चौकोनात अजून कापड दिसतं का?