रक्तदाबाची गोळी : सकाळी की रात्री?

धानाच्या रोवणीचे दिवस आले म्हणजे भंडारा जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबे पहाटेच बांधावर पोहोचतात. दिवस मावळल्यावर घरी परतलेल्या माणसाला रक्तदाबाची सकाळची गोळी आठवते ती पुष्कळदा अंथरुणाला पाठ टेकल्यानंतर. ती आता घेतली तर चालेल काय, असा प्रश्न त्याला पडतो. एकाला डॉक्टरांनी गोळी सकाळी घेण्यास सांगितलेले असते, तर रात्रीची गोळीच अधिक गुणकारी असे दुसऱ्याच्या कानावर आलेले असते. या संभ्रमात गोळी राहून जाते, आणि खरा धोका नेमका तेथेच असतो.

उच्च रक्तदाब हा बहुधा मुका आजार आहे. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणून आपण बरे झालो असे समजून अनेकजण औषध सोडून देतात. वाढलेला दाब मात्र हृदय, मेंदू, मूत्रपिंड व डोळे यांच्या रक्तवाहिन्यांवर आपले काम करीतच राहतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब असल्याचे आढळून आले.

भंडारा जिल्ह्यातील उपक्रम

या आजाराच्या नियंत्रणासाठी देशात जो उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम हाती घेण्यात आला, त्याच्या पहिल्या टप्प्यासाठी पाच राज्यांतील निवडक जिल्हे घेण्यात आले. महाराष्ट्रातून भंडारा, वर्धा, सातारा व सिंधुदुर्ग या चार जिल्ह्यांचा त्यांत समावेश होता. उपक्रमाची रीत साधी आहे. मोजक्या, स्वस्त व परिणामकारक औषधांचा ठरलेला क्रम, औषधांचा अखंड पुरवठा, घराजवळच्या आरोग्य केंद्रात उपचार आणि प्रत्येक रुग्णाची नोंद ही त्याची मुख्य अंगे होत. २०२२ मध्ये या कार्याचा संयुक्त राष्ट्रांच्या पुरस्काराने गौरव झाला. रुग्णाने महिनोन्महिने, वर्षानुवर्षे औषध चालू ठेवावे, यावरच या उपक्रमाची सारी भिस्त आहे.

रक्तदाबाचा दिनक्रम

रात्रीच्या गोळीचा आग्रह धरण्यामागे काही कारण आहे. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत साधारणपणे १० ते २० टक्क्यांनी उतरतो व पहाटे जाग येण्याच्या सुमारास पुन्हा चढू लागतो. हृदयविकाराचे झटके व पक्षाघात यांचे प्रमाणही सकाळच्या प्रहरी अधिक आढळते. तेव्हा औषध रात्री दिल्यास हा चढ आवरता येईल, असा तर्क अभ्यासकांनी मांडला. २०१९ मध्ये स्पेनमधील १९,०८४ रुग्णांच्या एका अभ्यासाने या तर्कास मोठा दुजोरा दिल्याचे प्रसिद्ध झाले. परंतु त्या अभ्यासाच्या पद्धतीविषयी अनेक तज्ज्ञांनी शंका उपस्थित केल्या.

त्यानंतर २०२२ मध्ये ब्रिटनमधील २१,१०४ रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निम्म्या रुग्णांना गोळ्या सकाळी व निम्म्यांना रात्री घेण्यास सांगून त्यांच्यावर सरासरी पाच वर्षांहून अधिक काळ लक्ष ठेवण्यात आले. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात वा रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू यांपैकी काही घडण्याचे प्रमाण रात्रीच्या गटात ३.४ टक्के, तर सकाळच्या गटात ३.७ टक्के होते. हा फरक योगायोगाने पडू शकेल इतका अल्प होय. २०२५ मध्ये कॅनडातील ३,३५७ रुग्णांच्या अभ्यासातही हाच निष्कर्ष निघाला.

असे का व्हावे?

याचे एक कारण आजच्या औषधांच्या गुणधर्मात सापडते. नेहमी दिली जाणारी अॅमलोडिपिन ही गोळी शरीरात सावकाश पसरते. तिचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर येण्यास ३० ते ५० तास लागतात. टेल्मिसार्टनची एक मात्राही साधारण दिवसभर पुरते. गोळी रोज घेतली तर तिचा परिणाम अहोरात्र टिकतो. मात्र ओळीने काही दिवस खंड पडला की हे संरक्षण ओसरते.

म्हणून जी वेळ विसरली जाणार नाही तीच उत्तम वेळ. सकाळचा चहा, दात घासणे, रात्रीचे जेवण अशा रोजच्या एखाद्या गोष्टीशी गोळीची सांगड घालावी. चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीज खाणींत पाळीने काम करणाऱ्यांनी कोणत्याही पाळीत आपण जागे असू अशी वेळ डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावी व गरज पडल्यास गोळी डब्यासोबत न्यावी. दिवाळीनंतर मंडईच्या निमित्ताने रात्रभर नाटक पाहावयास पाहुण्यांच्या गावी जाताना गोळ्या पिशवीत असल्याची खात्री करावी.

काही अपवाद

लघवी वाढविणारी औषधे सहसा सकाळी घेणे सोयीचे. अन्यथा रात्री वारंवार उठावे लागते आणि वृद्ध माणूस अंधारात पडण्याची भीती असते. काही औषधे दिवसातून दोनदा घ्यावी लागतात. उठताना चक्कर येत असल्यास किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांनी नेमून दिलेली वेळ स्वतःच्या मनाने बदलू नये. गरोदर स्त्रीने तर आपले औषध त्वरित डॉक्टरांना दाखवावे.

दिवसातून एकदा घ्यावयाची गोळी विसरल्यास त्याच दिवशी आठवताच घ्यावी. दुसऱ्या दिवशीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी. दोन गोळ्या एकदम कधीही घेऊ नयेत. तपासणीला जावयाचे म्हणून त्या दिवशीची गोळी टाळण्याची चूकही पुष्कळजण करतात. नेहमीप्रमाणे गोळी घेऊनच जावे, म्हणजे उपचाराचा खरा परिणाम कळतो. मोजणीपूर्वी अर्धा तास चहा, विडी व खर्रा वर्ज्य करून पाच मिनिटे शांत बसावे.

दाब आटोक्यात आल्याचे डॉक्टरांनी सांगितले तरी औषध थांबवावयाचे नसते; तो आटोक्यात आला तो औषधामुळेच. गोळ्या संपण्यापूर्वीच आपले कार्ड घेऊन उपकेंद्र वा प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. गोळी सकाळची असो वा रात्रीची, ती रोज पोटात जावी, एवढी दक्षता घरातील प्रत्येकाने घेतल्यास पुष्कळसे पक्षाघात व अकाली मृत्यू टळू शकतील.