टाकी आधी, यंत्र मागाहून

वसईच्या पूर्वेस वालीव, गोखिवरे, सातिवली या बाजूस जे औद्योगिक गाळे गेल्या काही दशकांत उभे राहिले, त्यांतले कित्येक थोड्याथोड्या वर्षांनी आपला धनी बदलतात. आणि धनी बदलला, की जुन्या धन्याची यंत्रसामग्री, कधी दलालामार्फत तर कधी निव्वळ वजनावर, भंगारवाल्याच्या आवारात रवाना होते. लेथ, ड्रिल, हातप्रेस यांना गिऱ्हाईक लवकर मिळते. कॉम्प्रेसर मात्र ताडपत्रीखाली बराच काळ पडून राहतो, कारण तो चालू आहे की बंद हे वीज जोडल्यावाचून समजत नाही, आणि दिसायला तो यंत्रापेक्षा टाकीच अधिक असल्यामुळे घेणाऱ्यास त्यात पारखण्याजोगे फारसे काही आढळत नाही. विरारच्या पश्चिमेस, बोळिंज-आगाशीकडे, ज्यांच्या घरामागे अजून पडवी किंवा पत्र्याची शेड शिल्लक आहे असे हौशी कारागीर, कोणी निवृत्त फिटर, कोणी सुतारकामाचा नाद लागलेला बँकेतला कारकून, नेमका हाच माल हेरून असतात. रंगाचा फवारा मारण्यास, खाचेतला कीस उडविण्यास, हवेवरचा पाना चालविण्यास लागणारी हवा बाजारातील लहान नवे यंत्र धापा टाकीत पुरविते; दोनशे लिटरच्या टाकीवर बसविलेले कारखान्यातले तीन अश्वशक्तीचे जुने धूड तेच काम निवांतपणे करते.

या सौद्यात बहुतेकांचे लक्ष प्रथम जाते ते यंत्राच्या डोक्याकडे. चाक हाताने फिरवून पाहायचे, तेलाची काच पुसून तेल काळे पडले आहे की पाणी मिसळून दुधी झाले आहे हे निरखायचे, बीडाच्या सिलिंडरला कोठे तडा नाही ना याची खातरजमा करायची. आणि मग टाकीवर दोन थापा मारून ‘माल वजनदार आहे’ एवढ्या अभिप्रायावर तिचे प्रकरण निकालात काढायचे. माझ्या मते हा क्रम नेमका उलटा आहे. रिंगा, बेअरिंगे, व्हॉल्व्ह, मोटारीचे वाइंडिंग, यंत्राचा प्रत्येक अवयव बदलता येतो. टाकीचा निकाल मात्र ‘होय’ किंवा ‘नाही’ या दोनच शब्दांत लागतो. ‘टाकी आधी बघा, काका, मशीन काय, कधीही होतं,’ असे भंगाराच्या आवारात वेल्डिंग करणारा एक पोरगा एका गिऱ्हाइकास सांगत होता, आणि त्याच्या त्या वाक्यात उष्णताशास्त्राचा व धातुशास्त्राचा बराच अर्क होता.

तो समजण्यासाठी हवा दाबणे म्हणजे काय, हे आधी पाहिले पाहिजे. सायकलचा पंप जोराने मारला की त्याचे टोक तापते. हे घर्षणामुळे होते असा सार्वत्रिक समज असला, तरी त्यातील मोठा वाटा हवा दाबण्यासाठी खर्च झालेल्या श्रमाचा असतो. तीस अंश सेल्सिअसची हवा एका दमात, उष्णता बाहेर निसटू न देता, वातावरणाच्या आठपट दाबापर्यंत (म्हणजे गेजवर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७ किलोपर्यंत, कारण गेज वातावरणाचा दाब शून्य धरते) नेली, तर गणिताप्रमाणे तिचे तापमान २७५ अंशांच्या घरात जाते. सिलिंडरवरचे पंख त्यातील काही उष्णता काढून नेतात हे खरे. परंतु एका टप्प्यात हवा दाबणाऱ्या यंत्राचे डोके हातास चटका देते त्याचे कारण हेच. यावर अभियंत्यांनी काढलेली तोड सुंदर आहे. मोठ्या सिलिंडरात हवा २.८ पट दाबायची, मग पंख लावलेल्या नळीतून फिरवून ती निवू द्यायची, आणि मग लहान सिलिंडरात पुन्हा तितकीच दाबायची. असे केल्यास प्रत्येक टप्प्याअखेर तापमान १३५ अंशांच्या आसपास राहते, आणि आदर्श परिस्थितीत श्रमही सुमारे पंधरा टक्क्यांनी वाचतात. एक मोठा व एक लहान सिलिंडर आणि त्यांच्यामधली ती नळी दिसली, की यंत्र दोन टप्प्यांचे आहे असे समजावे आणि चार पैसे अधिक पडले तरी तेच घ्यावे. पुण्यात हडपसरला किर्लोस्कर न्यूमॅटिक १९५८ साली आणि कोइमतूरला एल्जी १९६० साली सुरू झाल्यानंतर ही यंत्रे देशात बनू लागली, आणि त्यांचा घाट इतका ठरून गेलेला आहे, की पन्नास वर्षांपूर्वीचे डोके पाहिलेल्या फिटरास आजचे डोके उघडताना बिचकण्याचे कारण पडत नाही.

दाबलेल्या हवेस पहिली मोठी चाकरी मिळाली ती डोंगर फोडण्याची. फ्रान्स व इटली यांच्यामधील मों-सनीच्या बोगद्याचे काम १८५७ साली हातछिन्नीनेच सुरू झाले. १८६१ पासून सोमेलिए या अभियंत्याची हवेवर चालणारी छिद्रयंत्रे आत गेली, आणि बारा किलोमीटरहून लांब असा तो बोगदा १८७१ मध्ये वाहतुकीस खुला झाला. बोगद्यात वाफेचे यंत्र नेले असते तर मजूर गुदमरले असते; हवेच्या यंत्रातून सुटलेली हवा उलट श्वासास उपयोगी पडत असे. जवळपास याच काळात, १८५६ ते १८६३ या अवधीत, आपला बोरघाट हजारो मजुरांनी पहार, हातोडा आणि सुरुंगाची दारू यांच्या बळावर फोडला, आणि त्यांत किती जीव गेले याची कैफियत वाचताना मन विषण्ण होते.

असो. यंत्राच्या डोक्याकडे वळू, कारण तेथे पाहण्यासारखी एक गोष्ट खरोखरच आहे. मोटारगाडीच्या इंजिनात व्हॉल्व्ह उघडण्यासाठी कॅमची योजना असते. कॉम्प्रेसरमध्ये तसे काहीही नसते. पोलादाची एक पातळ, लवचीक पट्टी भोकावर नुसती टेकलेली असते, आणि केवळ दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरकाने ती उचलली जाते व परत बसते. यंत्र मिनिटाला आठशे फेरे घेत असेल, तर सेकंदाला तेरा वेळा. डोके खोलून ही व्हॉल्व्हची प्लेट बाहेर काढली, की जुन्या यंत्रात तिच्यावर काळा, कडक, खरवडून न निघणारा थर हटकून आढळतो. तो सिलिंडरातून वर आलेल्या तेलाचा, उष्णतेने जळून झालेला कोळसा होय. या थरामुळे पट्टी नीट टेकत नाही; टेकली नाही, की दाबलेली गरम हवा उलटी सिलिंडरात येते; तीच हवा पुन्हा दाबली जाऊन अधिक तापते, आणि अधिक तापल्यामुळे कोळसाही अधिक धरतो. असे हे दुष्टचक्र एकदा सुरू झाले, की ते आपल्या आपण थांबत नाही. प्लेट रॉकेलमध्ये भिजत घालून साफ करावी, सपाट जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर अंथरून तीवर ती इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवीत घासावी, पट्ट्या नव्या घालाव्यात, आणि मग प्लेट उलटी धरून पट्टीच्या बाजूस रॉकेल ओतावे. दुसऱ्या बाजूस ओल झिरपली नाही, तर व्हॉल्व्ह बसला असे समजण्यास हरकत नाही. रिंगा आणि बेअरिंगे यांचा तपशील कोणताही जाणता मेकॅनिक सांगेल. तेल मात्र कॉम्प्रेसरसाठीच बनविलेले घालावे. गाडीच्या इंजिनातले तेल स्वस्त पडते म्हणून ओतणे ही खोटी काटकसर आहे.

आता पाणी. विरारच्या हवेविषयी पावसाळ्यात येथे राहिलेल्या कोणाही इसमास निराळे सांगावयास नको. अर्नाळ्याकडून येणारा वारा कपाटातल्या पुस्तकांनाही सोडीत नाही. तीस अंशांना एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते, आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर प्रत्यक्षात सुमारे २६ ग्रॅम असते. अशी आठ घनमीटर हवा दाबून एक घनमीटरात कोंबली, तर तिच्यासोबत दोनशेहून अधिक ग्रॅम बाष्प आत येते. परंतु हवा टाकीत निवून पुन्हा तीस अंशांवर आली, की त्या एका घनमीटरास ३० ग्रॅमच धारण करता येतात, कारण किती बाष्प मावावे हे जागा आणि तापमान ठरविते, हवेचा दाब नव्हे. उरलेल्या पावणेदोनशे ग्रॅमांचे पाणी होते. मिनिटाला अडीचशे लिटर हवा ओढणारे यंत्र श्रावणात तासभर अखंड चालले, तर पाव लिटरहून अधिक पाणी टाकीच्या तळाशी साचते. टाकीखालचा कॉक यासाठीच असतो. आणि ज्या गाळ्यात कामगार रोज बदलतात, तेथे तो उघडण्याची जबाबदारी कोणाचीच नसल्यामुळे तो वर्षानुवर्षे गंजून बसलेला आढळतो. असा बसलेला कॉक हा टाकीविरुद्धचा पहिला पुरावा होय.

दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. नळकांड्याच्या आकाराच्या टाकीत दाब भरला, की तिच्या पत्र्यावर दोन दिशांनी ताण येतो, आणि परिघाच्या दिशेचा ताण लांबीच्या दिशेच्या ताणाच्या नेमका दुप्पट असतो. म्हणून अशी टाकी फुटते तेव्हा ती आडवी तुटण्याऐवजी बहुधा लांबीने उभी उसवते. आडव्या ठेवलेल्या टाकीत पाणी साचते ते तळाशी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एका सरळ रेघेत. आणि गंजही त्याच रेघेत पत्रा खातो. म्हणजे जेथून उसवण्याची भीती अधिक, तीच शिवण पाणी आतून कुरतडीत असते, आणि बाहेरून रंग शाबूत दिसतो. साडेचारशे मिलिमीटर व्यासाच्या, पाच मिलिमीटर जाड पत्र्याच्या टाकीत सात किलो दाबाला हा ताण चौरस मिलिमीटरला सुमारे ३२ न्यूटन येतो, जो पोलादास काहीच नव्हे. पण पत्रा खाऊन दीड मिलिमीटर उरला असेल, तर तो शंभरापलीकडे जातो, आणि खड्ड्यांच्या कडांशी त्याहून पुष्कळ अधिक.

जाडी मोजण्यासाठी अल्ट्रासॉनिक गेज असते: पत्र्यात ध्वनीचा अतिसूक्ष्म ठोका सोडायचा आणि तो आतल्या पृष्ठभागावरून परत येण्यास लागलेला काळ मोजायचा. पोलादात ध्वनीचा वेग सेकंदाला ५,९०० मीटर असल्यामुळे पाच मिलिमीटर पत्र्यातून जाऊन येण्यास त्यास सेकंदाचा दशलक्षांश भाग दीडपावणेदोन वेळा एवढाच अवधी लागतो. तळाच्या रेघेवर बोटबोट अंतराने मोजमाप घ्यावे. तरीही एखादा अरुंद खड्डा निसटू शकतो, म्हणून केवळ या आकड्यांवर टाकीस अभय देऊ नये. अखेरचा निवाडा पाण्याच्या दाबाने करावा. टाकी पाण्याने काठोकाठ भरून, वरच्या छिद्रातून हवेचा शेवटचा बुडबुडा निघून गेल्यावर, हातपंपाने कामाच्या दाबाच्या दीडपट दाब द्यावा, तो तसाच ठेवावा, आणि गेजचा काटा खाली येतो काय, सांध्यांवर कोठे घाम फुटतो काय, हे पाहावे. हे काम चाचणी करणाऱ्याकडूनच करून घ्यावे. खाली दोनशे किलो पाण्याचा भार पेलणारा आधारही हवा.

हवेऐवजी पाणीच का, याचा खुलासा आकड्यांतच आहे. दोनशे लिटरच्या टाकीत सात किलो दाबाने भरलेली हवा एकाएकी सुटली, तर सुमारे १,८०,००० जूल काम करू शकते; एक टन वजनाची मोटार सहा मजले उचलण्यास एवढे काम पुरते. त्याच टाकीत बारा किलो दाबाखालचे पाणी, पत्र्याचा ताण धरूनही, शे-सव्वाशे जूलच साठविते, कारण पाणी जवळजवळ दबतच नाही. पाण्याखाली कमकुवत टाकी चिरली, तर कपडे भिजतील एवढेच. हवेखाली तीच टाकी शेडचा पत्रा घेऊन जाईल. ‘जरा हवा भरून बघू, धरतेय का’ ही जी सर्रास पद्धत आहे, ती या कारणास्तव सर्वथैव त्याज्य मानावी. दाबाखालच्या यंत्रांविषयीचे ३१ वे कलम १९४८ च्या कारखाने अधिनियमात घालणाऱ्यांस ही गोष्ट चांगली ठाऊक असली पाहिजे. घरामागच्या शेडमध्ये मात्र कोणी निरीक्षक दफ्तर घेऊन येत नाही, तेव्हा कायद्याचे काम घरधन्यानेच करावयाचे असते. सेफ्टी व्हॉल्व्ह नवाच घ्यावा. टाकीच्या गंजलेल्या तळावर वेल्डिंगचे ठिगळ लावून देणारे कारागीर भेटतात. त्यांस नम्रपणे नकार द्यावा. आणि हवेच्या लाइनीसाठी नळकामातली पीव्हीसी कदापि वापरू नये, ती फुटते तेव्हा तिचे धारदार तुकडे उडतात.

टाकी उत्तीर्ण झाली, की बाकीचे सोपे. घरी २३० व्होल्टांचा एकफेजी पुरवठा आणि यंत्रावर ४१५ व्होल्टांची तीनफेजी मोटार, ही अडचण बहुधा येते. महावितरणकडे तीनफेजी जोडणीची दरखास्त द्यावी, एकफेजी मोटार बसवावी, किंवा मोटारीची सहाही टोके बाहेर असतील तर ती स्टारऐवजी डेल्टात जोडून, एकफेजीतून तीनफेजी वीज देणाऱ्या ड्राइव्हवर चालवावी. मोटार जोडल्यावर चाक योग्य दिशेस फिरते की नाही हे अवश्य पाहावे. त्याच्या आऱ्यांना पंख्याच्या पात्यांचा आकार दिलेला असतो, आणि उलटे फिरल्यास सिलिंडरांवर वारा नीट येत नाही.

दुरुस्ती कितपत साधली हे पाहण्यास घड्याळ पुरते. दोनशे लिटरची टाकी सात किलोपर्यंत भरण्यास चौदाशे लिटर मोकळी हवा लागते. यंत्र मिनिटाला अडीचशे लिटर देत असेल, तर साडेपाच-सहा मिनिटांत काटा सातावर आला पाहिजे. नऊ-दहा मिनिटे लागली, तर डोके पुन्हा उघडावे. बहुतेक वेळा तीच व्हॉल्व्हची प्लेट दोषी ठरते.

आणि टाकी नापास झाली, तर यंत्र उतरवून ठेवावे व त्याच्यासाठी दुसरी टाकी शोधावी. नापास टाकी मात्र जशीच्या तशी भंगारात देऊ नये. गॅसकटरने तिला हातभर लांबीचे भगदाड पाडून मगच ती काट्यावर चढवावी. अन्यथा वर्षभरात निळा रंग लावून तीच टाकी वालीवच्या एखाद्या आवारात पुन्हा विक्रीस उभी असेल.