शेक आता की नंतर?

प्रोस्टेटची शस्त्रक्रिया आटोपून मी अमरावतीस घरी आलो. पण काढलेल्या ग्रंथीच्या कडेपर्यंत रोग पोचल्याचा अहवाल पाठोपाठ आला. अकोल्याचे दादा कडाडले, "लगेच शेक घे! राखेखाली निखारा ठेवून कोणी निजतं काय?" मी बडनेऱ्याहून गाडी धरली. दादांना डॉक्टरांचे म्हणणे सांगितले : रक्तातील पीएसए ०.१ च्या खाली आहे. रॅडिकल्स या चाचणीत १३९६ रुग्ण होते. लगेच किरणोपचार घेणाऱ्यांना थांबणाऱ्यांपेक्षा विशेष लाभ दिसला नाही, असे २०२० साली प्रसिद्ध झाले. लघवीचा त्रास मात्र त्यांनाच जास्त! पीएसए चढला, तर शेक तेव्हाही देता येतो. दादा बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मी थांबणार आहे. पुढची रक्ततपासणी मार्गशीर्षात. दादा सोबत येणार म्हणतात.