पालथं झोपायचे पैसे

"पायातली कळ गेली बगा म्याडम, पण कंबर कालच्यापेक्षा लई धरलीया," मावशी म्हणाल्या, आणि समोरच्या फिजिओथेरपिस्ट बाईंचा चेहरा एकदम खुलला. "झकास!" म्हणत त्यांनी वहीत काहीतरी टिपूनही घेतलं.

शेजारच्या काकांच्या गुडघ्यासाठी सोबत म्हणून मी काही दिवस कराडच्या त्या क्लिनिकमध्ये बाकावर बसत होतो. पेशंट सांगतेय कंबरदुखी वाढली आणि उपचार करणारी बाई खूश, हे काही केल्या मला पचेना. काकांचा गुडघा मार्गी लागला तरी मी मॅडमची आणि तिथल्या पेशंटांची परवानगी घेऊन, सवड मिळेल तसा जाऊन बसत राहिलो.

क्लिनिक एसटी स्टँडजवळ, औषधाच्या दुकानाच्या माडीवर. ज्यांना पाय उचलवत नाही त्यांनाच जिना चढायला लावतात, याचा आधी मला राग आला होता. पण मॅडम दार उघडं ठेवूनच बसतात. चढणारा कोणता पाय आधी टाकतो, कठड्यावर किती भार देतो, एका अंगाला कलतो का, हे सगळं वरूनच बघून घेतात. आत तीन खाटा, हिरवे पडदे, आणि गरम पाण्याच्या टाकीतून काढलेल्या शेकाच्या पिशव्या, ओले टॉवेल, कुठलासा बाम या सगळ्यांचा मिळून एक वास. घरी आल्यावरही तो शर्टाला असायचा.

येणारा प्रत्येक जण निदान सोबत घेऊनच येतो. 'मणक्यात गॅप आलाय', 'गादी सरकलीय', 'नस दबलीय'. काखेत एमआरआयचं भलंमोठं पाकीट. 'एल फोर, एल फाइव्ह' तर आता सगळ्यांच्या तोंडी बसलंय. मॅडम पाकीट घेतात, टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, "आधी चपला काढा. टाचांवर चालून दाखवा बघू. आता चवड्यांवर."

पाकीट बाजूला ठेवण्याला कारण आहे. ज्यांची पाठ कधी दुखलीच नाही अशा माणसांच्या मणक्यांचे फोटो काढून पाहिलेल्या अभ्यासांचा एक मोठा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३० टक्के लोकांची गादी फुगलेली दिसली, आणि ऐंशीतल्या ८४ टक्क्यांची. यांतल्या कुणालाच काही दुखत नव्हतं. म्हणजे फोटोत गादी बाहेर आलेली दिसली, एवढ्यावरून पायातल्या कळेची गुन्हेगार तीच, असं ठरत नाही. अंगावरच्या खुणा आणि फोटो जुळावे लागतात.

खुणा कशा जुळवतात ते मावशींच्या वेळी जवळून पाहता आलं. मावशी शेतमजुरी करतात. भांगलण, म्हणजे दिवसभर ओणवं किंवा उकिडवं. खुब्यातून निघालेली कळ मांडीच्या आणि पोटरीच्या मागून थेट करंगळीपर्यंत, वर टाचेला मुंग्या. मॅडमनी त्यांना उताणं झोपवलं, गुडघा ताठ ठेवून दुखरा पाय टाचेकडून हळूहळू उचलला. पलंगापासून हातभर वर गेला असेल नसेल, मावशींनी दात आवळले आणि पलंगाची कड घट्ट धरली. पाय तिथून बोटभर खाली घेऊन मॅडमनी नुसतं पाऊल वर वाकवलं. पुन्हा तीच कळ. मग टाचेच्या मागच्या शिरेवर रबरी हातोडी. चांगल्या पायाचं पाऊल टुणकन हललं, दुखऱ्याचं हललंच नाही. "एस वन," मॅडम माझ्याकडे न बघता म्हणाल्या. म्हणजे अडकलेल्या नसेच्या मुळीचं नाव. पायाच्या अंगठ्याचा जोर कमी असता तर एल फाइव्हवर संशय गेला असता.

पाय उचलायची ही तपासणी लासेग या फ्रेंच डॉक्टरांच्या नावाने ओळखली जाते. ती लिहून मात्र ठेवली त्यांच्या विद्यार्थ्याने, १८८१ मध्ये. त्याच्या एक वर्ष आधी लाझारेविच नावाच्या सर्बियन डॉक्टरांनीही तीच मांडली होती, आणि हे गृहस्थ त्यांच्या भाषेतले नावाजलेले कथालेखक होते. दुखण्याकडे बारकाईने बघायला लेखक बरा, असं मला उगाच वाटून गेलं.

या तपासणीत ताणली जाते ती सायटिक, अंगातली सगळ्यात जाड नस. उगमाशी साधारण अंगठ्याएवढी. कमरेच्या शेवटच्या दोन मणक्यांपासून आणि त्याखालच्या त्रिकास्थीतून निघालेल्या मुळ्या एकत्र येऊन ती होते, नितंबातल्या स्नायूखालून मांडीत उतरते आणि गुडघ्याच्या जरा वर तिचे दोन फाटे होतात. नेफ्यातली नाडी जशी मोकळी सरकायला हवी, तशी ही नस आपण वाकलो, उठलो, पाऊल टाकलं की आजूबाजूच्या स्नायूंतून सरकत असते. मुळाशी गादीचा गर बाहेर येऊन टेकला की सरकणं अडतं. नुसत्या दाबाने एवढं होत नाही, तो गर नसेला चिडवतो, सूज आणतो. म्हणून खोकला-शिंक आली तरी पायात कळ उतरते. बिघाड कमरेत, बोंब पायाची.

मावशींना मॅडमनी एक कागद दिला. त्यावर माणसाची नुसती बाह्यरेषा, पुढून आणि मागून. हातात लाल स्केचपेन. "जिथं जिथं दुखतंय तिथं रेघ ओढा." मावशींनी खुब्यापासून करंगळीपर्यंत एक लांब, जरा थरथरती रेघ ओढली. दर खेपेला नवा कागद. माझं लक्ष तिथे यंत्रांपेक्षा, वासापेक्षा याच कागदांकडे जायचं. दुसऱ्या कागदावर रेघ घोट्याशी थांबली. मग पोटरीशी. मग गुडघ्याच्या वर. आणि ज्या दिवशी मी ते पहिलं वाक्य ऐकलं होतं, त्या दिवशीच्या कागदावर पाय कोरा होता आणि कमरेवर पेन जोरजोरात घासून लाल डबकं केलं होतं. रेघ वर चढतेय म्हणजे नसेचं मूळ सुटतंय. कंबर दुखेल काही दिवस, ती नंतर जाते. उलट कंबरदुखी थांबली आणि पाऊल बधिर होत चाललं, तर मॅडमच्या कपाळाला आठ्या पडतात, पेशंट कितीही 'बरं वाटतंय' म्हणाला तरी.

रेघ वर चढण्याच्या या प्रकाराचा शोध एका गफलतीतून लागला. १९५६ साली न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनमध्ये रॉबिन मॅकेन्झी या फिजिओथेरपिस्टने एका पेशंटला आत जाऊन पालथं झोपायला सांगितलं. पलंगाची डोक्याकडची बाजू आधीच्या पेशंटसाठी उचललेली होती, ती तशीच राहिली होती. पेशंट त्या उंच बाजूवर छाती टेकून, कंबर मागे वाकलेल्या अवस्थेत पडून राहिला. मॅकेन्झी धावत आले तर तो म्हणाला, कित्येक दिवसांत एवढं बरं वाटलं नव्हतं, पायातलं दुखणं गेलं. त्यावरून पुढे तपासणीची आणि व्यायामाची एक अख्खी पद्धत उभी राहिली.

मावशींचा उपचार म्हणजे तेच. आधी नुसतं पालथं पडणं. जमलं की कोपरांवर. तेही जमलं की कंबर सैल सोडून हात ताठ करत छाती उचलायची, दहा वेळा, दिवसातून पाच-सहादा. आपल्याकडे कुणीही म्हणेल, हे तर भुजंगासन. मावशींच्या लेकाने तर विचारलंच, "नुसतं पालथं झोपायचे पैसे घेता व्हय?"

मॅडमनी शांतपणे पलीकडच्या खाटेवरच्या आजोबांकडे बोट दाखवलं. आजोबांचे दोन्ही पाय चालताना भरून येतात, पण सायकलवर बसले की मैलभर काही होत नाही. त्यांच्या मणक्यातली नसांची वाटच वयाने अरुंद झालीय. पुढे वाकलं की ती मोकळी होते, मागे वाकलं की आणखी आवळते. मोबाइलवरचा व्हिडिओ बघून त्यांनी महिनाभर भुजंगासन केलं होतं आणि त्यानंतर देवळापर्यंतही चालवेना. आता ते गुडघे छातीशी घेतात आणि खुशाल फिरतात. मावशींनी तेच केलं असतं तर रेघ परत करंगळीला गेली असती. पैसे कशाचे, ते लेकाला कळलं असावं, कारण तो गप्प झाला. मलाही कळलं.

मॅडमचा एक आकडा ठरलेला आहे. सहा आठवडे. ट्रॉली ड्रायव्हर असो, बँकेतल्या बाई असोत, सगळ्यांना सहा आठवडे. एका एसटी ड्रायव्हरने कपाळाला हात लावला. "सहा आठवडे रजा कोण देतंय, ताई?"

"रजा कोण म्हणालं, दादा? पडून राहायचं नाहीच." सीटवर कमरेच्या खोलगटीत टॉवेलची वळकटी, मागच्या खिशातलं पाकीट पुढे, थांब्यावर गाडी उभी राहिली की उतरून हात कमरेवर ठेवून पाच वेळा मागे वाकायचं.

हॉलंडमध्ये १९९९ साली हे तपासून झालंय. सायटिकाच्या, म्हणजे या नसेच्या दुखण्याच्या, पेशंटांपैकी निम्म्यांना दोन आठवडे अंथरुणात ठेवलं, निम्म्यांना झेपेल तेवढं हिंडू दिलं. बारा आठवड्यांनी दोन्हीकडे ८७ टक्के लोक सुधारले होते. अंथरुणाने काही जास्त दिलं नाही. यात आठवडे बारा आहेत हे मी मॅडमच्या लक्षात आणून दिलं, तेव्हा त्या हसल्या. "सहा म्हटलं की माणूस बारा थांबतो. बारा म्हटलं तर उद्याच येणार नाही."

यंत्रांबद्दल मात्र माझं मत गढूळ आहे, आणि त्यांचंही असावं. खोलीतली सगळ्यात महाग वस्तू म्हणजे कंबर ताणायचं ट्रॅक्शन आणि 'करंट'चं यंत्र. ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी २०१६ सालीच कंबरदुखी आणि सायटिकासाठी ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंड, असले करंट आणि कमरेचे पट्टेही देऊ नका असं स्पष्ट म्हटलंय. मग हे इथे कशाला? "शेक-करंट लावला नाही तर लोक म्हणतात, बाईंनी काहीच केलं नाही, नुसतं बोलल्या. करंट लागलेला असतो ती पंधरा मिनिटं पेशंट माझ्या तावडीत असतो, तेव्हा मी व्यायाम समजावते." उत्तर प्रामाणिक आहे. तरी शेजारीपाजारी अशी क्लिनिकं आहेत जिथे ती पंधरा मिनिटं म्हणजेच सगळा उपचार, आणि दहा बैठकांचं पॅकेज आगाऊ. तिथे बरा झालेला पेशंट बहुधा आपल्या आपणच बरा झालेला असतो.

ऑपरेशनचा बागुलबुवा मात्र मॅडम करत नाहीत. कळ असह्य असेल तर ऑपरेशनने लवकर सुटका होते, वर्षाअखेर ऑपरेशन केलेले आणि न केलेले लोक जवळपास सारखेच बरे असतात, असं त्या सांगून टाकतात आणि निवड पेशंटवर सोडतात.

एक प्रश्न त्या पडदा ओढून, आवाज खाली आणून प्रत्येकाला विचारतात. लघवी झालेली कळते का, अडते का, बसायच्या जागेला बधिरपणा आहे का. मावशी लाजल्या, तेव्हा मला बाहेर पाठवून त्यांनी तो दुसऱ्यांदा विचारला. पाहुण्यासमोर याचं उत्तर कोण देणार, मला बाहेर पाठवलं ते योग्यच होतं. मध्यंतरी एक तरुण याच्या उत्तरात 'हो' म्हणाला, तर त्याला खाटेवर झोपूही न देता, चिठ्ठी लिहून, रिक्षात बसवून थेट मोठ्या इस्पितळात पाठवलं होतं. तिथे सहा आठवडे नसतात, तास असतात.

तेव्हा लघवी-संडासवरचा ताबा गेला, दोन्ही मांड्यांमध्ये बधिरपणा आला, पाऊल लुळं पडून चालताना घासायला लागलं, किंवा कंबरदुखीबरोबर ताप आणि वजन उतरणं सुरू झालं, तर कुठल्याही व्यायामाची वाट न बघता त्याच दिवशी इस्पितळ गाठा. यातलं काही नसेल तर फिजिओथेरपिस्ट शोधा. फिजिओथेरपीचा पदवी अभ्यासक्रम केलेला आणि राज्य परिषदेकडे नोंदणी असलेला, हे दारावरच्या पाटीवर बघून घ्या. आणि ज्याने चपला काढून टाचांवर चालायला न लावता आधी करंटच्या पट्ट्या चिकटवल्या, त्याच्याकडे दुसऱ्या बैठकीचे पैसे भरू नका.