शाळेतल्या जुन्या संगणकाची हार्ड डिस्क

पुष्कळ शाळांत एका कोपऱ्यात कापडाखाली झाकलेला संगणक असतो. सुरू करावा, तर वर्गाची हजेरी आटोपते तरी पडद्यावर काही उमटत नाही. मग कोणी म्हणते, "भंगारात द्या आणि नवा घ्या." जरा थांबा. अनेकदा दोष साऱ्या यंत्राचा नसून आतल्या हार्ड डिस्कचा असतो.

ही हार्ड डिस्क म्हणजे ग्रामोफोनच्या तबकडीची दूरची बहीणच म्हणा ना! तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते आणि तिच्यावर, हवेच्या अगदी पातळ थरावर, माहिती वाचणारे टोक तरंगत असते. आयबीएमने १९५६ साली अशी पहिली डिस्क आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि मावत काय होते? सुमारे ५० लाख अक्षरे. मोबाइलवरचे एखादे छायाचित्रही आज तेवढी जागा अडवते!

आता तबकडीऐवजी एसएसडी मिळते. तिच्यात फिरणारे काही नाही. सारा कारभार चिपांवर चालतो. टोक इकडून तिकडे सरकण्याची वाट पाहावी लागत नाही, म्हणून जुना संगणकही चटकन जागा होतो.

पण ती तुमच्या संगणकाला बसेल का? बाजूचा पत्रा उघडून वायर पाहा. डिस्कला बोटभर रुंदीची चिंचोळी वायर असेल, तर ती साटा पद्धत. ही २००३ च्या सुमारास आली, आणि तिच्यात नवी डिस्क जुन्या बोर्डावरही चालते, फक्त जुन्याच्या वेगाने. त्याऐवजी फितीसारखी रुंद, चपटी वायर दिसली, तर यंत्र फारच जुने. त्यावर पैसे घालू नयेत, असे मला वाटते. दुकानात अडीच इंची साटा एसएसडी मागा. पट्टीसारखी दिसणारी एम-टू जातीची डिस्क अशा जुन्या बोर्डावर बहुधा बसत नाही.

मोठ्यात मोठी डिस्क घ्यावी, हा मोहही टाळा. जुनी पद्धत डिस्कवरच्या कप्प्यांना क्रमांक देते ते सुमारे ४२९ कोटींपर्यंतच. एका कप्प्यात ५१२ बाइट, म्हणजे हिशेब २.२ टेराबाइटला संपतो. त्यापुढची जागा विकत घेऊनही वापरता येत नाही. शाळेच्या कामाला २५० ते ५०० गिगाबाइट पुष्कळ झाले.

आता गुरुजी, खरी काळजीची गोष्ट. त्या डिस्कवर निकालपत्रके, दाखल्यांच्या नोंदी, मुलांची नावे आहेत. दुसरीकडे प्रत नसेल, तर स्क्रूड्रायव्हर हाती धरू नका. आधी त्या फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवा आणि दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. नुसते नाव दिसले म्हणजे फाइल आली असे नव्हे. डिस्कमधून कटकट असा आवाज येत असेल, तर यंत्र वारंवार चालू-बंद करू नका. सर्वांत गरजेच्या फायली अगोदर काढा.

पत्रा पुन्हा उघडण्यापूर्वी वीज बंद करून प्लग काढा आणि अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून धातूच्या चौकटीला हात लावा. सारी डिस्क जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवणारे प्रोग्रॅम मिळतात. ते विचारतात : कोठून, आणि कोठे? इथे उलटसुलट झाले, की रिकामी डिस्क भरलेलीवर उतरते आणि सारे पुसले जाते. म्हणून दोन्ही डिस्कांचे आकडे कागदावर लिहून ठेवा आणि शेजारी बसलेल्याकडून मोठ्याने वाचून घ्या.

एक सांगायलाच हवे. विंडोज १० ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि बऱ्याच जुन्या यंत्रांवर विंडोज ११ रीतसर चढत नाही. तिथे लिनक्स फुकट मिळते, आणि लिहिण्या-छापण्यापुरते ते चांगले चालते.

जुनी डिस्क महिनाभर कपाटात राहू द्या. नंतर भंगारवाल्याला द्यायची झाली, तर फायली नुसत्या डिलीट करून भागत नाही, त्या परत काढता येतात. मुलांचे आधार क्रमांक तिच्यात असतील. तेव्हा गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून तिला आरपार दोन-तीन भोके पाडून घ्या.