तुऱ्याकडे बघा

आमच्या केशरच्या, म्हणजे आमच्या कॉकाटीलच्या, मनात काय चाललंय ते तिच्या तुऱ्यावरून कळतं. ताठ उभा असला तर ती दचकलेली, सैल मागे झुकला तर मजेत. डोक्याला चप्प बसवून फिस्कारली, की हात मागे घ्यायचा.

कॉकाटील मूळचा ऑस्ट्रेलियाचा, काकाकुवाच्या कुळातला सर्वांत लहान पक्षी. नीट सांभाळला तर १५ ते २० वर्षं जगतो, म्हणून आणण्याआधी घरातल्या सगळ्यांनी बसून बोलावं. पिसांतून पांढरी भुकटी सतत झडते. घरात कुणाला दमा असेल तर नकोच. (देशी पोपट तर पाळूच नये; १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.)

खरं जपायचं ते स्वयंपाकघरात. नॉनस्टिक तवा जास्त तापला की लेपातून विषारी वायू निघतो. आपल्याला कळतही नाही, पण पक्षी काही मिनिटांत दगावू शकतो. आमच्याकडे डोसे बिडाच्या तव्यावरच होतात.

नुसत्या राळ्या-सूर्यफुलावर अ जीवनसत्त्व पुरेसं मिळत नाही. केशर नव्या भाजीला तोंड लावत नाही, म्हणून किसलेलं गाजर आधी मी तिच्यासमोर खाते. मग ती माझ्या बोटांतून ओढून घेते. चॉकलेट, अ‍ॅव्होकॅडो कटाक्षाने टाळायचं.

हे पक्षी आजार लपवतात. म्हणून मी तिला ठरल्या वेळी काट्यावर उभी करते. ९० ग्रॅमच्या जिवाचे ८-१० ग्रॅम घटले, किंवा ती पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसली, तर त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं.